कोणताही ग्रॅज्युएट चालते

आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या तलमडुगुत सरकारी कागद आला की तो घरात कोणी उघडून बघत नसे. बघून उपयोगही नव्हता. घरची भाषा मराठी, शाळा मराठी, आणि कागद तेलुगुत नाहीतर इंग्रजीत. मग तो कागद ज्वारीच्या कोठीवर नाहीतर देवाच्या फोटोमागे रविवारपर्यंत पडून राही. रविवारी अनंतराव सर आदिलाबादहून गावी यायचे.

अनंतराव सर आदिलाबादला हायस्कूलमध्ये शिक्षक होते. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, नंतर नोकरीसाठी तेलुगु शिकलेले, इंग्रजी तर शिकवतच होते. तहसीलची नोटीस असो, शेताच्या पहाणीची, म्हणजे सातबाऱ्याची, नक्कल असो, बँकेचं पत्र असो, सर भावाच्या घरच्या ओट्यावर बसून चष्मा पुसायचे, कागद आधी मनात वाचायचे आणि मग मराठीत सांगायचे. सरांनी सांगितलं ते त्या कागदावर लिहिलेलं आहे, यात गावाला कधी शंका आली नाही.

बयनाबाईची गोष्ट अजून सांगतात. ती एकदा पदरात बांधून एक कागद घेऊन आली.

"सर, पाहा बरं, सरकारनं काय धाडलं."

सरांनी पाहिलं. "बाई, हे साबनाची जाहिरात हाय."

"असं कसं? वरतं बाईचा फोटू हाय न?"

"ते बाई आंग धुवून राह्यली."

"मंग फुकट देते का साबन?"

"नाई."

"तुमी नीट वाचा, सर. खालतं असंन."

ओट्यावरची माणसं हसून हसून लोळली. पण बाबारावांच्या वेळी कोणी हसलं नाही. बाबाराव शेताचा दावा कोर्टात हरले. निकालाचा कागद सरांच्या हातात होता आणि समोर म्हातारा उकिडवा बसला होता. सरांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "तारीख वाढली, बाबाराव." बाबाराव उठले, घरी जाऊन जेवले. पुढे ते वारले ते दावा अजून चालू आहे असं समजूनच. गावाला नंतर सगळं कळलं, तेव्हा सगळे म्हणाले, मन मोठं सरांचं. म्हाताऱ्याला सुखानं जाऊ दिलं.

विनोदिनीलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

विनोदिनी म्हणजे सरांच्या थोरल्या भावाची मुलगी. मला त्यांनी दुसरीत शिकवलं, त्यामुळे मी त्यांना बाईच म्हणतो. पण ही हकीकत त्या लहान होत्या तेव्हापासूनची आहे, म्हणून इथे नुसतं विनोदिनी लिहितो. त्यांनी ती मला स्वतः सांगितली आणि "लिही, पण गाळू नको" असंही सांगितलं.

अनंतरावांच्या बायकोचं नाव रेणुकाबाई. त्यांना एकच मुलगी झाली आणि ती पाळण्यातच गेली. त्यानंतर रेणुकाबाईंचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. आधी शेजारणींशी, मग नवऱ्याशी. मग जेवण कमी झालं. देवऋषी झाला, अंगारे झाले, आदिलाबादच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. शेवटी सर त्यांना हैदराबादच्या मोठ्या मनोरुग्णालयात घेऊन गेले. त्यांच्याबरोबर बारा वर्षांची विनोदिनी होती, कारण रेणुकाबाई तिचा हात धरल्याशिवाय बसमध्ये चढायला तयार नव्हत्या.

तिथे एका बाईंनी त्यांना आत बोलावलं. त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नुसत्या बोलायच्या. मानसशास्त्र शिकलेल्या. त्यांनी तेलुगुत विचारलं, हैदराबादी हिंदीत विचारलं. रेणुकाबाई भिंतीकडे बघत राहिल्या. सर मध्येच बोलायला लागले, "इनको कुछ नै है मॅडम, बस कमजोरी है." बाईंनी सरांना बाहेर बसायला सांगितलं आणि विनोदिनीकडे वळल्या.

"बेटी, मराठी आती ना तेरे कू? मैं जो पूछती, वोइच पूछना. उनो जो बोलते, वोइच बोलना. अपना कुछ मिलाना नको, कुछ छोड़ना नको."

विनोदिनीने मान हलवली आणि काकूला आपल्या घरच्या बोलीत विचारलं, "काकू, बाई इचारून राह्यली, तुमाले झोप काऊन येत नाई?"

रेणुकाबाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "कडी वाजते."

"कोनती कडी?"

"पाळन्याची."

विनोदिनीने हे हिंदीत सांगितलं. बाईंनी विचारलं, पाळणा अजून घरात आहे का? पाळणा कधीच देऊन टाकला होता. पण कडी? कडी आढ्यातच होती. काढायचं कोणाला सुचलंच नव्हतं. वाऱ्याने ती कडी वाजायची.

घरी परतल्यावर सरांनी शिडी लावून ती लोखंडी कडी उपटून काढली. त्या दिवशी रेणुकाबाई विनोदिनीच्या हातून पोटभर जेवल्या. त्या पूर्ण बऱ्या झाल्या असं नाही. पण विनोदिनीशी बोलायला लागल्या, आणि विनोदिनीने वाढलं तर जेवायला लागल्या.

त्या दिवसापासून विनोदिनीला काय व्हायचं ते ठरलं. हैदराबादच्या त्या बाईंनी निघताना तिला सांगितलं होतं, "ये पढ़ना है तो एम.ए. करना पड़ता बेटी. बहुत पढ़ना पड़ता." इकडच्या किती तरी मराठी बायका भिंतीकडे बघत बसत असतील आणि त्यांना त्यांच्या बोलीत विचारणारं कोणी नसेल, हे बारा वर्षांच्या मुलीला उमगलं होतं. आमच्याकडे मुलीला मोठेपणी काय होणार विचारलं तर ती मास्तरीण म्हणते, नाहीतर लाजते. विनोदिनी म्हणायची, "सायकॉलॉजी." आजी म्हणायची, "हे कोनतं गाव व्हय?"

दहावीनंतर ती आदिलाबादला काकांकडे राहायला आली. इंटर तिथेच केलं. सकाळी कॉलेज, बाकी वेळ काकू. काकूची वेणी, काकूची आंघोळ, काकूचं ताट. तिला ते ओझं वाटत नव्हतं. "मी शिकूनच राह्यली होती न," ती मला म्हणाली. "काकू कवा बोलते, कवा नाई, हे मी पाहत होती."

इंटर झालं आणि बी.ए.चे विषय निवडायची वेळ आली. आदिलाबादच्या कॉलेजात मानसशास्त्र नव्हतं. ते पाहिजे असेल तर हैदराबादला बी.ए. करावं लागत होतं. काकांनी विद्यापीठाचं एम.ए.चं माहितीपत्रक मागवलं होतं. जाड कव्हराचं, इंग्रजीतलं. रविवारी गावच्या ओट्यावर बसतात तसे ते आदिलाबादच्या बैठकीत बसले, चष्मा पुसला, आणि मनात वाचून म्हणाले,

"विनू, काई घाबरू नको. एम.ए.ले कोनताही ग्रॅज्युएट चालते. इथं हिस्टरी, एकनॉमिक्स, पोलिटिकल घे. बी.ए. झाली का मंग हैदराबाद."

"सायकॉलॉजी नाई लागत बी.ए.ले?"

"कायले लागते? एन्ट्रन्स असते, थे द्याची. अन् लोकल असाचा दाखला. थे मी पाहतो."

विनोदिनीला तेव्हा इंग्रजी वाचता येत होतं. अडखळत, पण येत होतं. ते पुस्तक टेबलावरच होतं. "मी हातात घेतलं होतं," ती म्हणाली. "कव्हर पाह्यलं, गुळगुळीत होतं, हात फिरवला अन् ठेवून देलं. काकानं वाचलं होतं न."

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकलो. तिथे पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट डोक्यात ठोकतात: कोणी कितीही सांगितलं की लाइन बंद आहे, आपला टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. सांगणारा सख्खा भाऊ असला तरी. तलमडुगुत असा टेस्टर कोणाच्याच घरात नव्हता. सगळ्या गावाचा टेस्टर म्हणजे अनंतराव सर.

पुढची तीन वर्षं विनोदिनीने मोगल बादशहा आणि पंचवार्षिक योजना पाठ केल्या. संध्याकाळी काकू झोपली की जिल्हा ग्रंथालयातलं मानसशास्त्राचं एकुलतं एक इंग्रजी पुस्तक घेऊन बसायची. अडलेले शब्द काकांना विचारायची. काका प्रेमाने सांगायचे. "परसेप्शन म्हंजे डोळ्यानं दिसते थे नाई, विनू. डोक्याले दिसते थे." एवढंच नाही, तर प्रवेशाला लागणारे बाकीचे सगळे कागद त्यांनीच गोळा केले. हैदराबादच्या विद्यापीठात आपल्याकडचे विद्यार्थी स्थानिक धरले जावेत म्हणून सलग किती वर्षं कुठे शिकलो याचे दाखले लागत. सर एकेका शाळेत स्वतः गेले. नकला काढल्या, गॅझेटेड अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याने तसदीक करून आणल्या, सगळं दोरीच्या फायलीत क्रमाने लावलं. फाइल बघून विनोदिनीला वाटे, अशा काकाची पुतणी व्हायला भाग्य लागतं.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती बी.ए. झाली, दुसऱ्या वर्गात, चांगल्या मार्कांनी. आठवड्याभरात दोघं हैदराबादला निघाली. शेजारच्या सोनाबाईंना काकूकडे लक्ष ठेवायला सांगितलं.

विद्यापीठाच्या खिडकीवर गर्दी होती. विनोदिनीचा नंबर आला. आतल्या कारकुनाने फाइल उघडली, पानं उलटली, आणि एका पानावर थांबला.

"डिग्रीलो सायकॉलॉजी उंदा अम्मा?"

डिग्रीला सायकॉलॉजी होतं का, असं तो विचारत होता. तिने काकांकडे पाहिलं. काकांनी तोंड उघडलं नाही, म्हणून तीच हिंदीत म्हणाली, "नै है. कोई भी ग्रॅज्युएट चलता ना?"

"कौन बोले? बी.ए. में ऑप्शनल सायकॉलॉजी पढ़े तोइच एम.ए. में लेते. किताब में लिखा है, देखे नै क्या?" त्याने फाइल बंद करून खिडकीतून बाहेर सरकवली. "हिस्टरी में देख लेओ अम्मा. हिस्टरी में सीटां हैं."

काका पुढे झाले. "ये रूल कब किए?"

"बहुत दिन का है, साब."

"हम तो पहली बार सुन रैं."

कारकुनाने खांदे उडवले आणि पुढच्या मुलाला हात केला.

बाहेर पायऱ्यांवर काका बसले. रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, "पाह्य विनू, कसा नियम करून ठेवला. आपल्याले काय मालूम?" विनोदिनी स्वतः रडायची ती रडली नाही, कारण काकांचा चेहरा पांढरा पडला होता. तिने त्याच फायलीने त्यांना वारा घातला. "काका, तुमी नका तरास करून घेऊ. तुमाले चक्कर येईन." पाण्याची सोय कुठे आहे ते बघायला ती उठली, तेवढ्यात मागून हाक आली.

"सर! तुमी इथं कसे?"

महिपत होता. बाजारहत्नूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, सरांचा जुना विद्यार्थी. इंटरला विनोदिनीहून एक वर्ष पुढे. तो आता इथेच मानसशास्त्राच्या एम.ए.ला होता. तो वाकून सरांच्या पाया पडला आणि विनोदिनीला पाहून हरखला.

"विनू, तू बी सायकॉलॉजीले आली? मस्त झालं! आता आपल्याकडची दोन मानसं झाली इथं. मले तं इथं कोनी मराठीत शिवी द्याले बी नाई."

विनोदिनीने खिडकीवर काय झालं ते सांगितलं.

"म्हंजे? बी.ए.ले घेतलीच नाई?" महिपत गोंधळला. "काऊन? सर, तुमी तं मले... आपुन बाजारहत्नूरच्या बाजारात भेटलो नोतो का? माया बाप बैलाचे दात पाहत होता. तवा तुमीच म्हटलं, महिपत्या, हैदराबादले जा, बी.ए.लेच सायकॉलॉजी धर, नाई तं एम.ए.चं दार लागलं म्हून समज. तुमी म्हटलं म्हून तं मी..."

तो थांबला. त्याला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय हे कळलं होतं.

"कवाची गोष्ट, महिपत?" विनोदिनीने विचारलं.

"माया इंटर झाल्यावरची."

म्हणजे तिने विषय निवडले त्याच्या आदल्या वर्षीची.

"पयले मले वाटलं, काका इसरले असतीन," विनोदिनीने मला सांगितलं. "मंग मी त्याइच्या तोंडाकडे पाह्यलं. वर्गात एखाद्या पोरानं दुसऱ्याले उत्तर सांगून टाकलं का मास्तर कसा पाहते, तसे थे महिपतकडे पाहत होते. तवा मले कळलं."

सर उठले, धोतराची धूळ झटकली आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ."

तिघांनी चहा घेतला. महिपत एकटाच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने काका-पुतणी परत निघाली. निर्मलला बस थांबली. काकांनी शेंगा घेतल्या आणि पुडी तिच्यापुढे धरली. तिने घेतल्या नाहीत.

"काका, तुमाले मालूम होतं."

काकांनी एक शेंग फोडली. "होतं."

"मंग?"

"तुयी काकू कोनाच्या हातानं जेवते, सांग."

"मंग मले इचारा लागत होतं."

"इचारलं असतं तं राह्यली असती?"

तिने हो म्हटलं असतं तर काका खोटे पडले असते, आणि ते तिला हवं होतं. पण ते खरं नव्हतं.

"मालूम नाई," ती म्हणाली. "गेली बी असती."

"म्हूनच नाई इचारलं."

बस सुरू झाली. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, "मंग हैदराबादले काऊन आनलं? घरीच सांगाचं होतं."

"मी नाई म्हटलं असतं तं जलमभर माया नावानं बोटं मोडली असती तू," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ऑफिसानं नाई म्हटलेलं बरं असते. त्याच्यावर कोनी रागवत नाई."

आदिलाबादला घरी पोचली तेव्हा सोनाबाई दारातच उभ्या होत्या. "बाई, दोन दिस झाले, कनभर खाल्लं नाई इनं. मी लय केलं." रेणुकाबाई आत भिंतीशी बसल्या होत्या. विनोदिनीला पाहून म्हणाल्या, "आली?"

विनोदिनीने हातपाय धुतले आणि ताट वाढलं.

तरी तिने एकदा प्रयत्न केला. गावी जाऊन वडिलांना म्हणाली, "बाबा, मले पुना बी.ए. करू द्या. हैदराबादले. सायकॉलॉजी घेऊन." वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. धाकट्या भावाने काय केलं तेही तिने सांगितलं. वडील म्हणाले, "असं कसं करंन अन्ता? तुयाच आयकन्यात काई झालं असंन." आणि मग, "अन्ता काय म्हनते, इचारून पाह्य."

बाबारावांच्या दाव्याची तारीख तिला तेव्हा आठवली. म्हातारा त्या दिवशी पोटभर जेवला होता, आणि सगळं गाव सरांना चांगलं म्हणालं होतं. तिनेही म्हटलं होतं.

नंतरचं आयुष्य सांगायला फार वेळ लागत नाही. तिने शिक्षकांचं ट्रेनिंग केलं, तलमडुगुच्या मराठी शाळेत नोकरी लागली. आदिलाबादहून रोज बसने ये-जा. पैनगंगेपलीकडची दोन स्थळं आली. काकूला बरोबर घेऊन येईन म्हटल्यावर दोन्ही परत गेली. काकांशी ती भांडली नाही. भाजी काय करू, बस चुकली, वाणसामान आणलं, एवढं बोलायची. एकच गोष्ट बदलली. घरात कागद आला आणि काकांनी हात पुढे केला की ती म्हणायची, "द्या इकडं." आणि स्वतः वाचायची.

आम्हाला वाचायला शिकवतानाही तिची पद्धत वेगळी होती. दुसरे मास्तर धडा म्हणायचे आणि पोरं मागून म्हणायची. बाई प्रत्येकाचं बोट धरून शब्दाखाली ठेवायच्या. बोट पुढे गेल्याशिवाय तोंड पुढे जायचं नाही. मधला शब्द गाळला की बोट मागे. रविवारी गावातल्या बाया कागद घेऊन सरांच्या ओट्यावर जायच्या, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची चौथी-पाचवीतली पोरं जायला लागली. तेलुगुचं पुस्तकही बाईच शिकवायच्या. पोरं सरांच्या खांद्यावरून डोकावायची. "सर, तुमी हे एक ओळ सोडली." सरांना ते आवडायचं नाही. हळूहळू त्यांचं रविवारी येणं कमी झालं.

रेणुकाबाई वारल्या त्या विनोदिनीच्याच हातून शेवटचं पाणी पिऊन. त्यांच्या दिवसकार्याच्या वेळी विनोदिनीला वाटलं, आता तरी काका बोलतील. तिला माफी नको होती. तू माझ्या बायकोला जगवलंस, असंही ऐकायचं नव्हतं. 'मी तुला खोटं वाचून दाखवलं' एवढेच शब्द तिला त्यांच्या तोंडून ऐकायचे होते. काका तेराव्याच्या जेवणावळीचा हिशेब करत होते.

मग काचबिंदूने काकांचे डोळे गेले. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. सगळ्या गावाचे कागद वाचणारा माणूस पेपर उलटा धरून बसायला लागला. शाळेतून आल्यावर विनोदिनी त्यांना पेपर वाचून दाखवायची. मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत. आणि प्रत्येक बातमीनंतर काका विचारायचे,

"एवढंच?"

"एवढंच."

"अजून काई लिवलं असंन खालतं."

"नाई लिवलं."

कधी कधी ते शेजाऱ्याला बोलावून तीच बातमी पुन्हा वाचून घ्यायचे. एकदा त्यांच्याबरोबर शिकलेल्या एका मित्राची मृत्यूची बातमी आली. विनोदिनीने ती वाचली, वय आणि अंत्ययात्रेच्या वेळेसकट. काका म्हणाले, "हे तरी गाळाचं होतं."

"गाळता येत नाई मले," विनोदिनी म्हणाली. "तुमीच नेलं होतं न मले हैदराबादच्या त्या बाईकडे."

दोन हजार नऊ सालची गोष्ट. महिपत आदिलाबादला आला. तो आता एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होता, केस पांढरे झाले होते. सरांना भेटायला म्हणून आला आणि पाया पडून त्यांच्याजवळ बसला. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून छापील माहितीपत्रक आणि अर्जाचे कागद काढले आणि थोडं चाचरत विनोदिनीपुढे धरले.

"विनू, हे पाह्य. दूरशिक्षनाचं एम.ए. सायकॉलॉजी सुरू झालं. घरी बसून करा लागते, परीक्षेले तेवढं जाचं. अन् त्याइनं अट काढून टाकली. बी.ए.ले सायकॉलॉजी पायजेनच असं नाई. कोनत्याही विषयाची डिग्री चालते."

विनोदिनी चहाचे कप उचलत होती. तिने ते परत खाली ठेवले.

आरामखुर्चीतून काका पुढे सरकले. न दिसणारे डोळे महिपतच्या आवाजाकडे वळले. "काय म्हटलं, महिपत? वाच बरं थे ओळ."

महिपतने वाचली. इंग्रजीत, मग मराठीत.

"विनूनं नाई न लिवली थे? छापील हाय?"

"छापील हाय, सर."

"पुना वाच."

महिपतने पुन्हा वाचली. काकांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. काकू गेल्यापासून विनोदिनीने तो इतका मोकळा पाहिला नव्हता. तिला वाटलं, आता. आता काका म्हणतील.

काकांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"पाह्य विनू! मी तं तुले तवाच सांगतलं होतं. कोनताही ग्रॅज्युएट चालते. सांगतलं होतं का नाई? अन् तू मले चोवीस वर्षं खोटं समजून राह्यली."

महिपतने मान खाली घातली.

विनोदिनी काकांकडे बघत होती. तिने मला सांगितलं, "त्या दिशी मले कळलं, काका खोटं नोते बोलून राह्यले. त्याइले आता तसंच आठवत होतं. मी काय आयकाची वाट पाहत होती, थे आता त्याइच्याजवळ उरलंच नोतं."

तिने महिपतच्या हातातले कागद घेतले, चष्मा लावला आणि खिडकीशी उजेडात जाऊन बसली. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. आमच्याकडून करून घ्यायची तसंच बोट पुढे सरकवत गेली. अर्हता, विषय, परीक्षा, प्रात्यक्षिक. एक पान झालं, दुसरं सुरू झालं. खोलीत नुसता कागदाचा आवाज येत होता.

"काय लिवलं हाय, विनू?" काकांनी विचारलं.

ती वाचत राहिली.

"मोठ्यानं वाच न. मले आयकू येऊ दे."

बोट दुसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. तिने पान उलटून मागचं कोरं आहे याची खात्री केली.

"विनू? अजून काय लिवलं हाय त्याच्यात?"

"तुमच्या कामाचं काई नाई, काका," विनोदिनी म्हणाली, आणि महिपतकडे पेन मागितला.